वही मिरजेत, नाटक गाझियाबादेत

वैशाली, गाझियाबाद
९ जून १९९६

ताई,

मायना काय घालावा हे ठरवताना दोन अंतर्देशीय पत्रं खराब झाली, म्हणून सरळ सुरुवात करते. बाबांच्या तेराव्याला आपण शेवटचं एका घरात होतो. त्यालाही सात वर्षं झाली. त्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. 'तिला भात वाढा' असं काकूंना सांगितलंस. मी ते बोलण्यात धरते.

काम असं आहे. सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी 'संगीत हेमलेखा' बसवते आहे. आजोबांनी लिहिलेलं, बाबांच्या कंपनीनं गावोगाव केलेलं, आणि तुझ्या कोल्हापूरच्या प्रयोगानंतर बावीस वर्षांत कुणी उघडूनही न पाहिलेलं.

मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पण फाईल अजून त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, "वहिनी, माझा बिल्कुल विरोध नाही. पण तुमच्या वडिलांनी नाटकाचे हक्क थोरल्या बहिणीच्या नावावर केलेत म्हणता. त्यांचं एक परवानगीचं पत्र लावा, म्हणजे झालं." तेव्हा ते पत्र पाठव. आणि प्रॉम्प्टिंगची वही पाठव, मी छायाप्रत काढून रजिस्टरनं परत करीन.

एक आधीच सांगते, नंतर कळलं म्हणून रागावू नकोस. पाच तासांचं नाटक मी पावणेतीन तासांचं करणार आहे. त्रेचाळीस पदांपैकी पंधरा ठेवणार आहे. हेमलेखा इथेच वाढलेली एक मुलगी करील. प्रेक्षक नोएडा, फरिदाबाद, गाझियाबाद असे तीन दिशांनी येतात आणि घरी जायची बस धरतात. घरोघरी केबल आलंय. सकाळपर्यंत बसून ऐकणारी माणसं आता नाहीत. जी आहेत त्यांच्यासाठी करायचं आहे.

लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. चौथा मजला. लिफ्टसाठी जागा सोडली आहे, लिफ्ट नाही. खिडकीतून शेत दिसतं आणि शेतातून पुढच्या इमारतीचे खांब वर येताना दिसतात. इथे सगळे नवे आहेत, कुणाचं जुनं कुणाला ठाऊक नाही. मला ते बरं वाटतं.

कोल्हापूरला वहीची दोन पानं चिकटली आणि मला वेळेवर ओळ देता आली नाही, हे तू अजून मनात धरून असशील, तर या कागदापुरतं ते बाजूला ठेव.

सुनेत्रा


३० जून १९९६

ताई,

तुझं कार्ड मिळालं. बावीस वर्षांनी चार वाक्यं आली. एकही पद गाळायचं नाही. शेवट बदलायचा नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरीच्या तोंडी हेमलेखा शोभणार नाही. वही मिळणार नाही.

तुझं अक्षर अजून तसंच आहे. बारीक, उजवीकडे कललेलं. मी ते कार्ड स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला टेकवून ठेवलं होतं. पद्माकर चहा घेताना वाचत होते. म्हणाले, "तुझी बहीण सरकारात असती तर सचिव झाली असती."

काल मंडळाची बैठक झाली. विश्वनाथरावांनी दुसराच बेत आणला होता. कपडे धुण्याच्या यंत्राची एक कंपनी कार्यक्रमाला मदत करायला तयार आहे, पण त्यांना स्टेजच्या मागे त्यांचा मोठा बॅनर हवा आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा हवा.

"संगीत नाटकाला कोण येणार, वहिनी?" ते म्हणाले. "मुलांना भाषा समजत नाही. म्हाताऱ्यांना बसवत नाही."

मी म्हटलं, "दर जानेवारीत तुम्ही पानिपतला काला अंब स्मारकाला बस भरून नेता. तिथे तर आपण हरलो होतो. तरी लोक थंडीत कुडकुडत येतात ना?"

"ते वेगळं. तो इतिहास आहे."

"हाही आहे. आणि यात बाई जिंकते."

सगळे हसले, आणि ते हसले म्हणून मला बोलायला जागा मिळाली. मग विश्वनाथरावांनी परवानगीचं पत्र मागितलं. मी सांगितलं, बहिणीनं नाही म्हटलंय. मी म्हटलं, कागद द्या. त्यावर लिहिलं की या प्रयोगाबद्दल कुणी दावा केला, तर तो माझ्यावर करावा, मंडळावर नाही. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, नाटककाराची नात. विश्वनाथरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. म्हणाले, "तुम्ही आमच्या खात्यात हव्या होता. काही फायली हलल्या असत्या."

तेव्हा तू दावा लाव. माझा पत्ता वर आहे.

आणि वहीचं म्हणशील तर वही तुझ्याकडेच राहू दे. तेराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत मी विंगेत स्टुलावर बसून दर प्रयोगाला ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओठांत म्हटली आहे. तू फक्त हेमलेखेच्या वाट्याची नक्कल पाठ केलीस. राजाची राजानं केली. दासीचं, द्वारपालाचं, विदूषकाचं, सगळ्यांचं पाठ असलेली कंपनीत एकच व्यक्ती होती आणि तिला कुणी कधी एक ओळ म्हणायला सांगितली नाही. आजपासून मी ते उतरवून काढते आहे. शाळेच्या वह्या आणल्या आहेत, दोनशे पानी.

सुनेत्रा


२८ जुलै १९९६

ताई,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून लिहिते आहे. तरी लिहिते, कारण हे सगळं सांगावं असं दुसरं माणूस मला नाही. ज्याला 'हेमलेखा' ठाऊक आहे असं जगात आता तुझ्याशिवाय कोण आहे? पेटीवाले भालचंद्रकाका होते, तेही गेले.

तालमी दर रविवारी आमच्या घरी होतात. सोफा गॅलरीत जातो, खुर्च्या शेजाऱ्यांकडे. तुझी भूमिका अक्षता करते. वीस वर्षांची आहे, जन्म इथलाच. आई नागपूरची, वडील बँकेत. गळा चांगला आहे, दोन वर्षं मंडी हाउसला गाणं शिकली. मराठी घरापुरतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना गोष्ट सांगितली. शिलालेख कोरणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी हेमलेखा. राजाच्या मनात ती भरते. राजा तिला म्हणतो, माझ्या भावानं जिंकलेली लढाई माझ्या नावावर कोर, म्हणजे तुला राणी करतो. ती भर दरबारात नाही म्हणते.

"और फिर?" अक्षतानं विचारलं.

"मग राजाला पश्चात्ताप होतो. ती त्याच्या पाया पडते आणि लग्न होतं."

"ती पाया पडते? चूक त्याची, पाया ही पडते? मावशी, यार, हे मी नाही करणार."

शार्दूल राजा करतो. हिंगोलीकडचा आहे, करोल बागेत खोली घेऊन केंद्राच्या परीक्षेचा अभ्यास करतो, दोन बस बदलून येतो. तो म्हणाला, "मॅडम, मला पण बरं नाही वाटत. उद्या कलेक्टर झालो तर असं कुणाला पाया पडू देईन का मी?"

"तू आधी प्रीलिम काढ," अक्षता म्हणाली.

मी त्यांना सांगितलं नाही की हाच प्रश्न मी चौदाव्या वर्षी बाबांना विचारला होता आणि बाबांनी मला पडदे मोजायला पाठवलं होतं. शेवट मी कापला. हेमलेखा नाही म्हणते, छिन्नी खाली ठेवते आणि पडदा. भरतवाक्य नाही, लग्न नाही. आजोबा रागावतील असं तुला वाटत असेल. आजोबांनी हे बाईच्या वेशातल्या पुरुषासाठी लिहिलं होतं. तुला स्टेजवर उभं केलं तेव्हा बाबांनीही बदल केलाच होता. तेव्हा कंपनीतली तीन माणसं सोडून गेली होती, आठवतं? तू बदल होतीस, ताई.

पेटीला आमच्या खालच्या मजल्यावरचे सरदारजी आहेत. गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला वाजवतात. मी चाल म्हणून दाखवली की डोळे मिटून ऐकतात आणि एका झटक्यात उचलतात. "बहनजी, ये तो अपना ही भैरव है," म्हणाले. शब्दांचा अर्थ विचारून घेतात, कारण अर्थ कळल्याशिवाय हात चालत नाही म्हणतात. आपल्या कंपनीत असं विचारणारं कुणी मला आठवत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते.

नाटक पूर्ण उतरवून झालं. विदूषकाची बडबडसुद्धा, जी मी ठेवणारच नाही. एका जागी अडलं आहे. तिसरा अंक, दरबार, तिचं पद. पहिली ओळ 'सांगसी तें कां लिहावें, सांग भूपा, सांग रे.' तिसरी आठवते, चौथी आठवते. दुसरी आठवत नाही. चाल आठवते, तू कुठे श्वास घ्यायचीस ते आठवतं, नथ कुठल्या मात्रेला हलायची तेही आठवतं. शब्द नाहीत. तीन आठवडे प्रयत्न केला. भांडी घासताना केला, बसमध्ये केला. ती जागा कोरी आहे.

अक्षता म्हणते, "मावशी, आपण एक बनवून टाकू." मी बनवणार नाही. पदं गाळीन, शेवट बदलीन, पण आजोबांच्या तोंडी माझे शब्द घालणार नाही.

हीच ती ओळ, जी मी कोल्हापूरला तुला देऊ शकले नाही, कारण पानं चिकटली होती. ती तेवढी लिहून पाठव. परवानगी नको, ओळ पाठव.

सुनेत्रा


५ सप्टेंबर १९९६

ताई,

तुझं पाकीट आलं. चिठ्ठी नाही, एक शब्द नाही. वहीचं एक पान आहे फक्त, शिवणीतून फाडलेलं. तू वही फाडलीस हे मला बराच वेळ खरं वाटेना. बाबांनी त्या वहीवर चहाचा पेला ठेवला म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस.

ओळ मिळाली. 'कर न माझा कांपतो, लेखणी ना वांकते.' वाचल्याबरोबर चाल तिच्यावर येऊन बसली.

मग मी पान नीट पाहिलं. पद पानाच्या मधोमध आहे. वर सात ओळी संवाद, खाली राजाचं उत्तर. ती ओळ गाठायला पान उलटावं लागतच नाही. दोन पानं चिकटली असती, तर पदाची पहिली ओळसुद्धा दिसली नसती. बावीस वर्षं मी एक गोष्ट सांगत आले आणि ती खोटी असल्याचा पुरावा बावीस वर्षं तुझ्या कपाटात होता. म्हणून तू ओळ लिहून पाठवली नाहीस, पान पाठवलंस.

ठीक आहे. लिहिते.

पानं चिकटली नव्हती. माझं बोट त्या ओळीवर होतं. दुपारी तुला ताप होता. मी बाबांना म्हटलं, आज मी उभी राहते, मला सगळं पाठ आहे, ऐका. आणि तिसऱ्या अंकातली चारही पदं म्हणून दाखवली. बाबा म्हणाले, "कंपनीला प्रॉम्प्टर लागतो, तो आहे. गाणारी लागते, तीही आहे." आणि तू पांघरुणातून म्हणालीस, "हिच्या गळ्यात हेमलेखा नाही गं, हेमलेखेची दासी आहे." सगळे हसले. भालचंद्रकाकाही हसले. तूही विसरली असशील. ते वाक्य चांगलं होतं, म्हणूनच हसले.

संध्याकाळी तू पहिली ओळ म्हटलीस आणि थांबलीस. मला वाटलं, एकदा इकडे बघू दे. एकदा तिला मागू दे. तू बघितलंस. तुझे डोळे तापानं लाल होते. तू बघितलंस आणि मी गप्प बसले. काका एक आवर्तन वाजवत राहिले, मग दुसरं. मागून टाळ्या सुरू झाल्या, त्या टाळ्या कसल्या असतात ते आपल्याला माहीत आहे. तू विंगेत आलीस, शेला काढलास, माझ्या मांडीवर टाकलास आणि पुन्हा कधी स्टेजवर गेली नाहीस. पुढच्या वर्षी मी लग्न करून दिल्लीला आले. दिल्लीचं स्थळ मीच निवडलं होतं. सर्वांत लांबचं होतं.

ते वाईट केलं. दुसरा शब्द नाही.

पण आता माझंही ऐक. मी एकोणीस वर्षांची होते आणि मी एक ओळ अडवली. तू सत्तावीस वर्षांची होतीस आणि तू अख्खं नाटक अडवलंस. तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तू एकदाही माझ्या तोंडावर म्हणाली नाहीस, की सुनेत्रा, तू खोटं बोलतेस. म्हणाली असतीस तर आपण भांडलो असतो. तू मला मारलं असतंस. मग पुढच्या आठवड्यात इचलकरंजीला प्रयोग होता, तो तू केला असतास. त्याऐवजी तू वही कपाटात ठेवलीस, गळा मिटलास आणि मिरजेत बसून राहिलीस. मला शिक्षा म्हणून तू स्वतःला गप्प केलंस आणि तुझ्यासोबत आजोबांनाही. ते माझ्या माथी मारू नकोस. तेवढं मी घेणार नाही.

मी नाटक करते आहे. एकवीस तारखेला, शनिवारी, संध्याकाळी साडेपाच. परवानगी तू दिलेली नाहीस, हे मला समजतं. पान पाठवणं म्हणजे परवानगी असं मी कुणाला सांगणार नाही.

सुनेत्रा


२३ सप्टेंबर १९९६

ताई,

झाला प्रयोग.

बॅनर लागला, पण बाहेर, जोड्यांच्या रॅकवर. विश्वनाथरावांनीच कंपनीच्या माणसाला सांगितलं की आत शिलालेख आहे, जागा नाही. मला हे नंतर कळलं.

हॉल भरला असं म्हणणार नाही. पुढच्या रांगा भरल्या, मागे पोरं येऊन-जाऊन होती. करोल बागेतून शार्दूलचे पंधरा-वीस मित्र आले, ते राजा आत येताच शिट्ट्या मारू लागले. राजा हसला. मी विंगेतून डोळे वटारले. नंतर तो शहाण्यासारखा राहिला. पहिल्या अंकात पेटीनं पट्टी वर धरली, दुसऱ्यात एक दिवा गेला. अक्षतानं दोन ठिकाणी 'ळ'चा 'ल' केला. तू असतीस तर उठून गेली असतीस. पण तिसऱ्या पदाला मागच्या पोरांची ये-जा थांबली, हेही तू बघितलं असतंस.

आता सांगायचं ते. आजकाल प्रॉम्प्टर नसतो. अक्षतानं तालमीतच सांगितलं होतं, "मावशी, तुम्ही समोर बसा ना, आम्हाला सगळं पाठ आहे." खरंच पाठ होतं. तरी मी तिसऱ्या अंकाला विंगेत गेले. तिथे प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसले. हातात तुझं पान होतं.

तिनं पहिली ओळ घेतली. 'सांग रे' वर ती थोडी थांबते, तसंच बसवलं आहे. सरदारजींनी स्वर धरून ठेवला. ती अडलेली नव्हती, तिनं इकडे बघितलंही नाही. तिला माझी काही गरज नव्हती. आणि मी बोट ओळीवर ठेवून म्हटलं, "कर न माझा कांपतो, लेखणी ना वांकते."

कुजबुजले नाही. मोठ्यांदा म्हटलं. माझ्या मागोमाग तिनं तीच ओळ घेतली आणि वर नेली, अशी नेली की मला उठून उभं राहावं लागलं.

शेवटी तिनं छिन्नी ठेवली. दगडावर लोखंड वाजल्याचा आवाज आला आणि पडदा. मला वाटलं होतं, लोक लग्नाची वाट बघत बसतील. थोडा वेळ बसले खरे. मग लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या जुन्या शेजारीण कौशल्याबाई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी काठी आपटली आणि ओरडल्या, "वन्स मोअर." पोरांना हे माहीतच नव्हतं. अक्षतानं पडद्यातून डोकं काढून मला विचारलं, "मावशी, हे काय असतं? पूर्ण परत करायचं?" मी म्हटलं, ते पद. फक्त ते. पडदा उघडला आणि तिनं परत म्हटलं. या वेळी मी गप्प बसले. आता तसं बसणं माझ्या हातात होतं.

नंतर विश्वनाथराव आत आले. "वहिनी, बाकी उत्तम. फक्त तिसऱ्या अंकात तुमचं प्रॉम्प्टिंग पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं."

मी म्हटलं, "ऐकू जायलाच हवं होतं."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, बहिणीचा दावा आला का. मी म्हटलं, मिरजेहून यायचा आहे, अजून नाही आला.

डिसेंबरात दुसरा प्रयोग ठरला आहे, फरिदाबादला. परवानगी तू अजून दिलेली नाहीस. तरी करणार आहे. अठ्ठावीस पदं गाळलेली आहेत, ती गाळलेलीच राहतील. दोन परत घ्यावीत असं मला वाटतं, पण कुठली ते तुझ्याशी भांडल्याशिवाय ठरणार नाही, आणि कागदावर मी फार भांडले.

पान रजिस्टरनं परत पाठवणार नाही. ते माझ्याकडे आहे. वही शिवायची असेल, तर वही घेऊन ये. दिल्ली स्टेशनवर पद्माकर घ्यायला येतील, चौथ्या मजल्यापर्यंत चढावं लागेल. आल्यावर आधी जे म्हणायचं असेल ते तोंडावर म्हण. मी इथेच आहे, आणि या वेळी मी उत्तर देईन.

सुनेत्रा